अनुभव धागा: धड सज्जन नाहीत, धड दुर्जन नाहीत – अमेरिकन मालिकांतली कृष्णवर्णीय माणसं

१९६८ साली ‘ज्युलिया’ ही मालिका आली. त्यात डायहॅन कॅरल नर्स होती. नवरा व्हिएतनाममध्ये मारला गेलेला, पदरी लहान मुलगा. कृष्णवर्णीय बाई मोलकरीण नाही, हेच तेव्हा मोठं होतं. पण तिने सदासर्वकाळ शहाण्यासारखं वागायचं, यावर टीकाही झाली. माझ्या मते एखाद्या समाजाच्या माणसाला पडद्यावर चुकायची, लबाडी करायची मुभा मिळाली, की तिथे त्याला खरी जागा मिळाली. तुम्हाला असं कोण भेटलं? विनोदी कलाकारही चालतील. नुसती नावं नकोत, काय पाहिलंत आणि कुठे लागलं ते लिहा.

नागपूर, वकिली करतो

‘द वायर’मधला ओमर. बाल्टिमोरमध्ये ड्रग्ज विकणाऱ्यांनाच बंदूक दाखवून लुटणारा. त्या धंद्यात नसलेल्याला हात लावायचा नाही, हा त्याचा नेम. दुसऱ्या सीझनमध्ये एका खुनाच्या खटल्यात तो सरकार पक्षातर्फे साक्षीला उभा राहतो, गळ्यात कसाबसा अडकवलेला टाय. टोळीचा वकील उलटतपासणीत त्याला बांडगूळ ठरवतो. ओमर शांतपणे सांगतो, तूही तेच करतोस. माझ्याकडे बंदूक आहे, तुझ्याकडे ब्रीफकेस. वकील न्यायाधीशांकडे बघतो, तर ते नुसते खांदे उडवतात.

आरोपी हा ओमरच्या जोडीदाराला हाल करून मारणाऱ्यांपैकी एक. म्हणून साक्ष खरी की सुडाची? खून खरंच डोळ्यांनी पाहिलास का, असं नंतर विचारल्यावर ओमर उलट विचारतो, ‘खरंच विचारताय?’ मी रोज साक्षीदार बघतो. इतका खरा साक्षीदार मी मालिकेत दुसरा पाहिला नाही.

बाल्टिमोरमध्ये बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आहेत. त्यामुळे मालिकेत पोलीस, चोर, शिक्षक, राजकारणी, सगळीकडे तेच आहेत. एकट्या ओमरवर अख्ख्या समाजाची अब्रू टांगलेली नाही. ओमर करणारा मायकल के. विल्यम्स २०२१मध्ये गेला तेव्हा घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

लातूरची, सध्या हैदराबाद

आमच्या वस्तीतून इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली. माझी मालिका ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’. विनोदी कलाकार ख्रिस रॉकच्या लहानपणावर बेतलेली, ब्रुकलिनमधली. ख्रिसला गोऱ्यांच्या शाळेत घातलंय. तिथल्या बाई त्याच्याशी फार मायेने बोलतात आणि प्रत्येक वाक्यात गृहीत धरतात की याचा बाप व्यसनी असणार, घर मोडलेलं असणार. इकडे बाप दोन-दोन नोकऱ्या करतोय, सांडलेल्या दुधाची किंमत सेंटमध्ये सांगतोय, रात्री घड्याळाची वायर काढायला लावतोय, कारण झोपेत वेळ कुणाला कळते!

माझे वडील उरलेल्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायचे. आणि कॉलेजात एक मॅडम चारचौघांत म्हणायच्या, ‘वाटत नाही हो तुमच्यातली, किती छान बोलते.’ कौतुकानेच. त्याची तक्रार कुठे करणार? शिवी तर दिलेली नसते. ख्रिसच्या त्या बाईंवर मी पोट धरून हसले आणि बरं वाटलं. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. हे नातं जुनं आहे.

मुंबई, मराठीतून स्टँड-अप करतो

वरचं वाचून अमेरिकन स्टँड-अप कलाकार डेव्ह शॅपेल आठवला. २००५मध्ये तो आपल्या टीव्ही शोचा ५ कोटी डॉलरचा करार सोडून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. पुढे टीव्ही मुलाखतकार ऑप्रा विन्फ्रीला त्याने सांगितलं, की तोंडाला काळं फासलेल्या पिक्सीचं (चिमुकल्या परीसारख्या पात्राचं) स्किट चालू असताना सेटवरचा एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, ते त्याला खटकलं.

मी सोलापुरी बोलीत आईची नक्कल करतो. सोलापुरात बाया हसतात ते ओळखीने. पुण्यात एका शोनंतर एक गृहस्थ आईचं वाक्य मलाच पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत राहिले. नक्कल मी सोडलेली नाही, पण आता शेवटी आई दुकानदाराला गप्प करते. शॅपेलचे ट्रान्स लोकांवरचे अलीकडचे विनोद मला पटत नाहीत, तरी हसतं कोण आणि कशाला, हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

न्यू जर्सी, नर्स

‘हाऊ टू गेट अवे विथ मर्डर’मधली अ‍ॅनलिस कीटिंग, वकील आणि कायद्याची प्राध्यापक. खोटं बोलते, पुरावे दडवते, विद्यार्थ्यांना वापरते. पहिल्याच सीझनमध्ये ती आरशासमोर बसून दागिने काढते, मग विग, मग पापण्या, मेकअप पुसते. मेलेल्या मुलीच्या फोनमध्ये तुझा फोटो कसा, हा जाब ती नवऱ्याला त्यानंतर विचारते. विग काढायचा आग्रह ही भूमिका करणाऱ्या व्हायोला डेव्हिसचाच होता. माझी कृष्णवर्णीय सहकारी म्हणाली, विगखालचे केस आमच्या घराबाहेर कुणी बघत नाही. २०१५मध्ये डेव्हिसला एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं. ड्रामा मालिकेच्या प्रमुख अभिनेत्रीचं ते कृष्णवर्णीय बाईला मिळालेलं पहिलं.

अटलांटा

कुणीच ‘अटलांटा’ ही मालिका लिहिली नाही? दुसऱ्या सीझनमधला न्हाव्याचा भाग आधी बघा. अल्फ्रेड गांजा विकतो, रॅपर म्हणून नाव झालंय, पण न्हावी त्याचे अर्धे केस कापून दिवसभर आपल्या कामांसाठी गावभर फिरवतो आणि हा निमूट फिरतो. आमच्या इथे केस कापायला बसलेल्या सगळ्यांना तो भाग माहीत आहे.