सल्ला हवा: रोज संध्याकाळी नेट मरतं आणि कंपनी म्हणते ‘राउटर बंद करून चालू करा’

मधूनच_गायब:
नमस्कार मंडळी. घरून काम करते. गेले दोन महिने रोज संध्याकाळी साडेसात-पावणेआठला रडगाणं सुरू होतं. कॉलवर समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठतो, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, दोन मिनिटांनी सुरळीत, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दिवसा तक्रार नाही. फायबर आहे, प्लॅन ३०० एमबीपीएसचा. पण लॅपटॉपला वायर जोडली तरी दिवसा ९३-९४ च्या वर आकडा कधी पाहिला नाही, संध्याकाळी तर ४०.

कस्टमर केअरला सात फोन झाले. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून गाऱ्हाणं, दर वेळी तोच उपाय. एकदा तंत्रज्ञ आला, तोही सकाळी अकराला. मोबाइलवर टेस्ट केली, ‘मस्त चाललंय की मॅडम’ म्हणून गेला. तासाभरात मेसेज: आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.

ऑफिसातले म्हणतात मेश (घरभर वायफाय पोचवणारी जोडयंत्रं) घे. भाऊ म्हणतो कंपनी बदल. काय करू?

कंटाळेश्वर:
बदला. मी तीन कंपन्या बदलल्या. (तिन्ही सारख्याच निघाल्या, तो भाग वेगळा.)

जुना_लाइनमन:
ताई, आत्ता काहीही विकत घेऊ नका आणि काहीही बदलू नका. दोष घरातला की घराबाहेरचा, एवढं आधी ठरवा. आयुष्य वायरी ओढण्यात गेलं, त्यावरून सांगतो, निम्म्या तक्रारींत दोन्हीकडे थोडं थोडं असतं. म्हणूनच दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

तुमचा तो ९३-९४ चा आकडा मला खटकतोय. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) नेटवर्क केबलच्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी तुटली, दारात चेंगरली किंवा पिन नीट बसली नाही की दोन्ही यंत्रं मुकाट १०० वर उतरतात आणि प्रत्यक्षात हातात ९४ च्या आसपास येतं. तुमच्याकडचा सगळ्यात स्वस्त भाग आधी बदलून बघा.

मग संध्याकाळचं. वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉप वायरने जोडून सात वाजल्यापासून तीन ठिकाणी सतत पिंग (‘आहेस का?’ असं विचारून उत्तराला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा. एक, तुमचा राउटर (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो). दुसरं, ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) केल्यावर राउटरच्या लगेच पुढे दिसणारा पत्ता, म्हणजे कंपनीचा पहिला टप्पा. तिसरं, बाहेरचं काहीतरी, उदाहरणार्थ ८.८.८.८. राउटरलाच उत्तर चुकत असेल तर भानगड घरात. राउटर ठणठणीत आणि दुसऱ्या ठिकाणापासून पुढे सगळीकडे गळती (उत्तरं हरवणं) असेल तर कंपनीच्या गळ्यात घाला.

एक खाचखळगा सांगून ठेवतो. मधला टप्पा कधीकधी पिंगला मुद्दाम उत्तर देत नाही, त्याला ते काम दुय्यम असतं. गळती फक्त तिथेच दिसून तिसऱ्या ठिकाणी शून्य असेल तर तो पुरावा नव्हे. हे माहीत नसलं की कंपनीचा माणूस तिथेच तुमची तक्रार उडवतो.

रांगेत_उभा:
आणखी एक शक्यता. पॅकेट (डेटाचे तुकडे) हरवतच नसतील, रांगेत अडकत असतील. घरातल्या कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप त्याच वेळी चढत असेल तर अपलोड भरतं आणि तुमचा आवाज त्यामागे ताटकळतो. याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. हे नाव संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास रूढ केलं. त्यावरचा उपाय एफक्यू-कोडेल (रांगा वेगळ्या ठेवून कुणालाच फार ताटकळू न देणारी पद्धत), तो आरएफसी ८२९० या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा स्मार्ट क्यू अशी (रांग आवरणारी) सोय असली तर चालू करा आणि मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. कमाल वेग थोडा जातो, कॉल मात्र वाचतो. ओळखायची खूण: पिंग एरवी १०-१५ मिलिसेकंद आणि अपलोड सुरू होताच काहीशे.

मेशबद्दल: वायर जोडूनही त्रास आहे म्हटल्यावर मेशने काय होणार? विषय संपला.

कंटाळेश्वर:
एवढं सगळं करण्यापेक्षा कंपनी बदलणं सोपं नाही का?

जुना_लाइनमन:
तिन्ही सारख्याच का निघाल्या, ते बघितलंत का? बऱ्याच ठिकाणी बिल पाठवणारा वेगळा आणि वायर टाकणारा वेगळा असतो. नाव बदललं तरी खांबावरून तीच केबल आणि त्याच पेटीत तोच पोर्ट. बदलण्याआधी त्याच गल्लीतल्या, त्या कंपनीच्या ग्राहकाला रात्री नऊला काय अनुभव येतो ते विचारा. विक्रेत्याला विचारू नका.

कागद_बोलतो:
सातही फोन वाया गेले असं समजा. आता सगळं लेखी. ईमेल किंवा ॲप, जिथे तक्रार क्रमांक मिळतो तिथे. ‘निराकरण झाले’ असा मेसेज आला की त्याच दिवशी ‘झालेले नाही’ असं उत्तर द्या. नाहीतर पुढची तक्रार नवी धरली जाते आणि दोन महिन्यांचा इतिहास पुसला जातो. मजकूर साधारण असा:

‘तक्रार क्र. अमुक. दि. अमुक ते अमुक, रोज सायं. इतके ते इतके. वायरने जोडलेल्या संगणकावरून राउटरपर्यंत पॅकेट लॉस शून्य, तुमच्या पहिल्या टप्प्यापासून पुढे इतके टक्के. नोंदी सोबत जोडल्या आहेत. तंत्रज्ञ सायंकाळी ८ ते १० याच वेळेत पाठवावा. दोष माझ्या घरातला आहे असे आपले म्हणणे असल्यास कारणासह लेखी कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते कुणालाच लिहून द्यायचं नसतं, म्हणून फाइल वरच्या माणसाकडे सरकते. ‘वेग फार कमी आहे, खूप त्रास होतो’ असं लिहिलंत की पुन्हा राउटर बंद-चालू. करारात किमान वेग आणि दुरुस्तीची मुदत काय दिली आहे तेही एकदा वाचा. ‘३०० पर्यंत’ यातला ‘पर्यंत’ उगीच नसतो. इथे दाद लागली नाही तर वर दाद मागताना हीच फाइल लागेल.

मधूनच_गायब:
दहा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

लाइनमन दादा, केबल! कपाटाच्या पायाखाली चेपली गेली होती. कपाट मीच सरकवलं होतं, चूक माझीच. नवी लावल्यावर दिवसा २८५-२९०. इतके दिवस कंपनीला शिव्या घालत होते त्यातल्या काही परत घेते.

सगळ्या नाही. संध्याकाळ होती तशीच. बॅकअप रात्री दोनला ढकलला, फरक किंचित. सहा दिवस पिंग ठेवलं: राउटर शून्य लॉस, पुढचे दोन्ही टप्पे पावणेआठ ते सव्वादहा ६ ते ९ टक्के. रविवारी दुपारीही. वरचा मजकूर जवळजवळ जसाच्या तसा पाठवला. तिसऱ्या दिवशी वरिष्ठांचा फोन आला आणि तंत्रज्ञ रात्री साडेआठला! त्याने मीटर लावलं, सिग्नल उणे १९ डीबीएम (फायबरमधल्या प्रकाशाच्या ताकदीचं माप). म्हणाला लाइन उत्तम आहे. मग मी माझा स्क्रीन दाखवला. जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘या पेटीवर घरं फार झालीत.’

जुना_लाइनमन:
उणे १९ म्हणजे सिग्नल खरंच चांगला. नेहमीच्या उपकरणाला उणे २७ पर्यंत, म्हणजे याहून क्षीणही चालतं. आणि फायबर मलीन किंवा वाकलेली असती तर त्रास घड्याळ बघून आला नसता. नेहमीच्या जीपॉनमध्ये (एक फायबर अनेक घरांत वाटणारी पद्धत) एका पोर्टचे खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस ३२, कधी ६४ घरांत वाटले जातात. तेवढं बहुधा पुरतं. पण त्या पेटीतून पुढे जाणारी लाइन कंपनीने वाढवलीच नसेल तर सगळे घरी आल्यावर तुंबतं. लेखी काय दिलं?

मधूनच_गायब:
क्षमता वाढवण्याची तारीख दिली आहे, पुढच्या महिन्याची २०. तोवर बिलात निम्मी सूट. सूट मी मागितली नव्हती, कागद_बोलतो यांच्या मजकुराचा ईमेल वाचून कंपनीनेच दिली. तोवर महत्त्वाचे कॉल मोबाइलच्या हॉटस्पॉटवर.

कागद_बोलतो:
सूट आणि तारीख एकाच ईमेलमध्ये आहे ना? फोनवरची सूट पुढच्या बिलात दिसत नाही.

मधूनच_गायब:
फोनवर सांगितली होती. आत्ताच ईमेलने मागितली.

जुना_लाइनमन:
२१ तारखेला रात्री आठला पिंग लावा आणि धागा वर काढा.