सल्ला हवा: ब्रिटिश म्युझियममध्ये तीन तासांत जुन्या करारातल्या राजांचं काय काय बघावं?

नगरकर_लंडन
लंडनमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा गट आहे. आठ मोठी माणसं, दोन शाळकरी मुलं. शनिवारी सकाळचे तीन तास हातात आहेत. जुन्या करारातल्या राजांशी थेट नातं असलेल्या वस्तू बघायच्या आहेत. क्रम कसा लावावा, काय सोडावं? इंटरनेटवर ‘बायबल खरं ठरवणाऱ्या पन्नास वस्तू’ छापाच्या याद्या सापडतात, त्यांवर किती विसंबावं?

खापरी
त्या याद्या बाजूला ठेवा. तीन तासांत सहा-सात वस्तू नीट बघून होतात, जास्त नाही.

आदल्या रात्री एक काम करा. म्युझियमच्या संकेतस्थळावर संग्रह शोधायची सोय आहे, तिथे वस्तूच्या नावाऐवजी नोंदणी क्रमांक टाका. नावाने शोधलंत तर प्रतिकृती आणि ठशांचाही ढीग समोर येतो. क्रमांकाने नेमकं पान उघडतं आणि वस्तू सध्या मांडलेली आहे का, कुठल्या दालनात, तेही कळतं. दालनं अधूनमधून बंद असतात, त्यामुळे हे टाळू नका. प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा आणि दहाला दार उघडताच आत शिरा.

आत गेल्यावर रोझेटा शिलेच्या गर्दीत अडकू नका. बहुतेकांचा पहिला तास तिथेच जातो. सरळ ६अ दालनात, काळ्या स्तंभाकडे (नोंदणी क्रमांक ११८८८५; पुढेही कंसात हेच क्रमांक). सुमारे दोन मीटर उंच, चारही बाजूंना चित्रपट्ट्या. लोक एकच बाजू बघून पुढे जातात, तिथेच चुकतं. इथे एक आडवी पट्टी चारही बाजूंनी फिरून बघायची, मग खालची. वरून दुसऱ्या पट्टीत अश्शूरचा (आजच्या उत्तर इराकमधलं साम्राज्य) राजा तिसरा शल्मनेसर याच्यापुढे जमिनीला डोकं टेकलेला माणूस दिसेल, तो इस्राएलचा राजा येहू किंवा त्याचा दूत. ही खंडणी इ.स.पू. ८४१ ची. बायबलमध्ये तिचा उल्लेख नाही. लेखात येहूला ‘अम्रीचा पुत्र’ म्हटलंय (अम्री हा इस्राएलचा आधीचा राजा), आणि बायबलच्या ‘२ राजे’ या पुस्तकात तर येहूच अम्रीच्या घराण्याचा निःपात करतो! अश्शूरी दरबाराच्या लेखी ते राज्यच ‘अम्रीचं घर’ होतं, सिंहासनावर कोण बसलंय याच्याशी त्यांना घेणं नव्हतं.

त्याच दालनात कुर्खची शिला (११८८८४). इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत शल्मनेसराविरुद्ध इस्राएलचा राजा अहाब याचे २,००० रथ आणि १०,००० सैनिक होते, असं तिच्यावर कोरलंय. ही लढाईही बायबलमध्ये नाही. रथांचा आकडा बऱ्याच अभ्यासकांना फुगवलेला वाटतो आणि मलाही तसंच वाटतं.

मृण्मुद्रा
खापरी यांचा क्रम बरोबर आहे, पण येहू-अहाबावर अर्ध्या तासापेक्षा जास्त घालवू नका. खरा वेळ १० क्रमांकाच्या दालनात, लाखीशच्या (यहूदा राज्यातलं तटबंदीचं नगर) वेढ्याच्या शिल्पपटापुढे द्या. किमान पाऊण तास. एकाच घटनेबद्दल चार वेगवेगळ्या बाजूंनी बोलणारा पुरावा यहूदाचा राजा हिज्कीया याच्या काळातल्या अश्शूरी स्वारीइतका नीट क्वचितच जुळून येतो: बायबल, स्वारी करणारा अश्शूरी राजा सन्हेरीब याचा लेख, हा शिल्पपट आणि खुद्द लाखीशचं उत्खनन.

डावीकडून उजवीकडे चला. आधी गोफणवाले आणि धनुर्धारी. मग मधला भाग: तटाला लावलेले मातीचे उतार आणि त्यांवरून वर चढणारी तटफोडी यंत्रं. वरून जळते पलिते पडताहेत, आणि यंत्रातला एक सैनिक मोठ्या पळीने पाणी ओततोय, यंत्र पेटू नये म्हणून. मुलांना हाच सैनिक शोधायला सांगा. त्याच्या उजवीकडे बैलगाडीत संसार भरून निघालेली यहूदी कुटुंबं आणि शेवटी सिंहासनावर सन्हेरीब. त्याचा चेहरा मागाहून मुद्दाम फोडलेला आहे. मधल्या वेढ्याच्या भागात सुळावर दिलेले कैदी आहेत. लहान मुलांना तिथे थांबवायचं की नाही, ते आधीच ठरवा.

हा शिल्पपट अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातला, उत्खनक लेयार्डने १८४० च्या दशकात काढलेला. प्रत्यक्ष लाखीशला पुरातत्त्वज्ञ स्टार्कीने १९३२ ते १९३८ आणि उसिश्किनने १९७३ पासून खणलं. वेढ्याचा उतार, बाणांची टोकं, गोफणीचे दगड, वस्तीचा जळालेला तिसरा थर, सगळं तिथे मिळालं.

तिथून वर ५५ क्रमांकाच्या दालनात टेलर प्रिझम (९१०३२). भाजलेल्या मातीचा षट्कोनी, ३८ सेंटिमीटर उंच. सोबत २ राजे १८ आणि १९ छापून न्या आणि तिथेच उभं राहून ताडून बघा:
— सन्हेरीब म्हणतो, हिज्कीयाची ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि त्याला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं. यरुशलेम जिंकल्याचा दावा तो कुठेच करत नाही.
— सोनं दोन्हीकडे ३० किक्कार (वजनाचं जुनं माप). चांदी बायबलमध्ये ३००, प्रिझमवर ८००.
— २,००,१५० माणसं नेल्याचा त्याचा आकडा अक्षरशः घेऊ नका. १,८५,००० अश्शूरी एका रात्रीत मेल्याचा बायबलमधला आकडाही नको. दोन्हीकडे आकडे आपापल्या बाजूने बोलतात.

दगडफूल
जलप्रलयाची पाटी (के. ३३७५) राहिलीच की! तीही ५५ मध्ये. जॉर्ज स्मिथने १८७२ मध्ये वाचलेली गिल्गामेश या मेसोपोटेमियातल्या महाकाव्याची अकरावी पाटी. नोहाशी साम्य इतकं आहे की गटाला तीच सगळ्यात आवडेल.

खापरी
बघा जरूर, पण राजांच्या यादीत नको. ती कथेची कथेशी तुलना आहे, घटनेचा पुरावा नव्हे. त्याच दालनातली बाबेलची बखर (२१९४६) मात्र सोडू नका. हातात मावेल एवढी पाटी, पण बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतल्याची तारीख तीत आहे: अदार महिन्याचा दुसरा दिवस, म्हणजे १६ मार्च इ.स.पू. ५९७. यहूदाचा राजा यहोयाखीन याला धरून नेलं ते हेच. दहा वर्षांनी मंदिर जाळलं गेलं, पण बखरीचा तो भाग आज उपलब्ध नाही. लोक या दोन घटनांची नेहमी गल्लत करतात.

मग ५७ ते ५९ मध्ये लाखीशची खापरावर शाईने लिहिलेली पत्रं आणि सिलवानच्या थडग्याची चौकट (१२५२०५). चौकटीवरच्या अधिकाऱ्याच्या नावातलं फक्त शेवटचं ‘याहू’ शिल्लक आहे. बायबलच्या यशया २२ मधला राजवाड्याचा कारभारी शेबना तो हाच, ही ओळख पटण्याजोगी आहे, पण पक्की नाही. तुम्ही गटाला सांगतानाही तसंच सांगा.

शेवटी ५२ मध्ये सायरसचा दंडगोल (९०९२०). बायबलमधला पर्शियाचा राजा कोरेश हाच. पण दंडगोलावर यहूदी किंवा यरुशलेम यांचं नावही नाही. मेसोपोटेमियातल्या देवस्थानांची मांडणी पूर्ववत केल्याचं त्यावर आहे. बायबलच्या एज्रा पुस्तकातल्या, यहूद्यांना परत जाऊ देणाऱ्या फर्मानाशी धोरण जुळतं, एवढंच म्हणता येतं.

नगरकर_लंडन
सगळ्यांचे आभार. गटात हमखास निघणारे प्रश्न: दावीद, शलमोन आणि यरीहोच्या भिंतीचं काय?

मृण्मुद्रा
दाविदासाठी यरुशलेमला जावं लागेल. उत्तर इस्राएलमधल्या तेल दान इथे १९९३-९४ मध्ये सापडलेला इ.स.पू. नवव्या शतकातला अरामी लेख यरुशलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे, त्यात ‘दाविदाचं घर’ हे शब्द आहेत. एवढ्याने राजघराणं ठरतं, गल्याथची गोष्ट नाही. शलमोनाचं नाव असलेला त्याच्या काळातला एकही लेख मिळालेला नाही. हासोर, मगिद्दो आणि गेजेर या प्राचीन नगरांच्या सहा खोल्यांच्या वेशी त्याच्या मानाव्यात की नंतरच्या, हा वाद चालूच आहे. कार्बन-१४ ने (सेंद्रिय अवशेषांचं वय काढायची पद्धत) तो मिटला नाही, कारण काही दशकांचाच फरक ठरवायचाय आणि मापनातली चूकही जवळपास तेवढीच असते. त्यातही तुळईच्या लाकडाचा नमुना असेल तर तारीख जुनी येते, जैतुनाची बी किंवा धान्य बरं.

यरीहोला पुरातत्त्वज्ञ गार्स्टँगने १९३० च्या दशकात यहोशवाच्या (बायबलमध्ये यरीहो जिंकणारा पुढारी) काळात पडलेली म्हणून दाखवलेली भिंत केन्यनच्या १९५२-५८ च्या उत्खननात हजारभर वर्षं आधीची निघाली. जुन्या पुस्तिकांत अजून गार्स्टँगच छापला जातो.

एक गाळणी लावून ठेवा: वस्तू उत्खननात कुठल्या थरातून आली ते सांगता येत नसेल, तर तिच्यावर काय लिहिलंय हे दुय्यम. वॉशिंग्टनच्या बायबल म्युझियमकडचे मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे (बायबलच्या प्राचीन हस्तलिखितांचे) म्हणून ठेवलेले सोळाच्या सोळा तुकडे २०२० मध्ये बनावट ठरले, ते सगळे बाजारातून घेतलेले होते.

दगडफूल
गटातलं कुणी सुट्टीत मुंबईला जाणार असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली अश्शूरी शिल्पं बघायला सांगा. लेयार्डच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गेच लंडनला जायच्या. तिथे गर्दी कमी, त्यामुळे दगडावरची क्यूनिफॉर्म (पाचरीच्या आकाराची) अक्षरं निवांत बघता येतात. समोरून उभं राहिलात तर काही दिसत नाही, बाजूने तिरकं बघा, खाचांत सावली पडते आणि ओळी उठून येतात. लंडनच्या दालनांतही हीच युक्ती चालते.