मदत हवी आहे: औषध आणि कीटकनाशक एकत्र, उंदरांच्या शिकण्यावरचा परिणाम

नमस्कार मंडळी, पुण्यात एम.फार्म. करतेय. बाबा जुन्नरला द्राक्षांवर फवारणी करतात, रोजच्या गोळ्याही घेतात. म्हणून हा विषय जिवाचा.

1991 च्या आखाती युद्धात सैनिकांना पायरिडोस्टिग्मिन (विषारी नर्व्ह एजंटपासून बचावाचं औषध) दिलं होतं. ते ॲसिटाइलकोलिनएस्टरेज हे (मज्जातंतूंचा संदेश वेळेत थांबवणारं) एन्झाइम अडवतं, क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशकही तेच करतं. उंदरांचे चार गट ठरवलेत: नुसतं औषध, नुसतं कीटकनाशक, दोन्ही, आणि काहीच नाही.

अडलंय ते मॉरिस वॉटर मेझपाशी, म्हणजे पाण्याच्या हौदात लपलेला फलाट उंदराने पोहत शोधायच्या चाचणीपाशी. उंदराला पाण्याखालचा फलाट उशिरा सापडला, तर तो शिकला नाही म्हणायचं की स्नायूच थकले? पोहण्याचा वेग मोजेन, दिसणाऱ्या फलाटाचीही चाचणी घेईन. पण शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी चाचणी घ्यावी? कुणी प्रत्यक्ष केलंय का? कृपया सविस्तर सांगा.