काळवीट मोजायला अंतर दाखवणारी दुर्बीण: महागातली का मधल्या किमतीची?

माळावरचा_मास्तर (बीड)
नमस्कार मंडळी. आम्ही पाच-सहा जण बालाघाटाच्या माळावर हरणं मोजायलोत, तीन हिवाळे झाले. पद्धत साधी हाय, ठरलेल्या सरळ रेषेवर चालायचं, कळप दिसला की आपल्यापासून अंतर आन होकायंत्रावरचा कोन वहीत लिहायचा. आतापर्यंत अंतर नजरेनंच घेत होतो पण मागच्या खेपेला एकाच कळपाला एकानं १५० मीटर म्हणलं आन शेजारच्यानं ३००, मग त्या आकड्यांवर कोण इश्वास ठेवणार? म्हणून वर्गणी काढून लेझर रेंजफाइंडरवाली (लेझरनं अंतर मोजणारी) १०×४२, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आन ४२ मिलिमीटरच्या काचेची, दुर्बीण घ्यायचा विचार करायलोत. एकीकडं लायका, स्वारोव्हस्की, झाइस, ज्याची किंमत अमेरिकेतच ३००० डॉलरच्या आसपास आन वर, दुसरीकडं व्हॉर्टेक्स फ्युरी, निकॉन लेझरफोर्स सारख्या, निम्म्याहून कमी. एकदाच महागातली घेऊन टाकावी का? पैसे पोरांच्या खिशातले हायत, चूक परवडणार नाही.

नाथसागर_काठ (पैठण)
मास्तर, मी मधल्या किमतीची चार वर्षं वापरायलोय, तुमच्या कामाला ती पुरते. डब्यावर ५००० यार्ड वगैरे लिहिलेलं असतं ते चकाकत्या पाटीसाठीचं, हरणाच्या अंगावर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं धरा. तरी तुम्हाला ४००-५०० मीटरच्या पुढं मोजायचंय कशाला, त्यापुढं कळपातली पाडसं दिसत पण नाहीत नीट.

खरी अडचण कुसळाची हाय. दिवाळीनंतर माळावर कुसळ वाळून कमरेएवढं उभं असतं, तुम्ही बसून हरणावर नेम धरता आन आकडा येतो ३१, कारण लेझर समोरच्या तुऱ्यावरच आपटून माघारी आला. हरिण असतंय २४० वर. महागाची असो नाहीतर स्वस्ताची, दोन्हीकडं हे होतं. उपाय म्हणजे उभं राहून घ्यायचं, तीनदा बटन दाबायचं आन सेटिंगमधी सगळ्यात लांबच्या वस्तूचा आकडा दाखवणारा मोड लावायचा. हरिण नाही लागलं तर त्याच्या बाजूची बाभळ पकडा, आन पहिल्यांदा जिथं दिसलं तिथलंच अंतर घ्या, पळाल्यावरचं नको.

अजून एक, लई मनाला लागलेली गोष्ट. माझ्या पहिल्या हिवाळ्यात दुर्बीण यार्डावर सेट होती आन मी सगळं मीटर समजून लिहीत गेलो. २०० यार्ड म्हणजे १८३ मीटर. कुठल्या दिवसापासून सेटिंग बदलली ते आठवेना म्हणून अख्ख्या हंगामाची वही बाजूला ठेवावी लागली. रोज सकाळी पहिलं काम ते बघा. आन आमच्या धरणावर म्हणाल तर पाण्यावर लेझर टाकून उपयोग नाही, तिरपा पडला की पुढं निघून जातो, माघारी येतच नाही. रोहित पक्ष्यांच्या थव्याचं अंतर मी काठावरच्या खडकावरून काढतो.

तिन्हीसांजेला (लातूर)
वरच्या दादांचं बरोबर हाय पण महागड्या दुर्बिणीची बाजू पण कुणीतरी सांगायला पाहिजे. मी लांडग्यांच्या मागं फिरतो, ते निघतात दिवस मावळल्यावर. माझ्याकडं जुनी लायका जिओविड हाय (लेझरनं अंतर दाखवणारी दुर्बीण पहिल्यांदा बाजारात आणली ती लायकानंच, १९९२ साली). त्या शेवटच्या वीस मिनिटांत मधल्या किमतीच्या दुर्बिणीतून नुसता करडा ठिपका दिसतो, हिच्यातून कान कुठं वळलेत ते कळतं. लेझरचा आकडा डोळ्यासमोर दाखवायला आत एक अर्धपारदर्शक काच बसवलेली असते, ती थोडा उजेड खाते आन स्वस्त दुर्बिणीत रंग पण जरा हिरवट-निळसर पडतो. आकडा काळ्या अक्षरात येणारी असेल तर संध्याकाळी तो वाचता येत नाही, लाल अक्षराचीच घ्या, एवढं नक्की बघा.

पण मास्तर तुमची मोजणी सकाळची असेल तर हे सगळं तुम्हाला लागत नाही. महागड्यात जो गोळीच्या मार्गाचा हिशोब भरलेला असतो तो शिकाऱ्यांसाठीचा, आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकारच बंद, त्याचे पैसे कशाला मोजायचे.

दगडू_नाही_दगडूबाई (परभणी)
सर, मी या कामाचं गणित करते म्हणून सांगते. तुम्हाला शेवटी लागतं ते रेषेपासूनचं काटकोनातलं अंतर, म्हणजे मोजलेलं अंतर गुणिले आपली रेषा आन हरणाची दिशा यांच्यातल्या कोनाचा साइन. हरिण २४० मीटरवर आन कोन ३० अंश असेल तर १२० मीटर. आता दुर्बीण २ मीटरनं चुकली तर उत्तरात फरक १ मीटरचा. पण होकायंत्र ५ अंशानं चुकलं, ३० च्या जागी ३५ वाचलं, तर उत्तर थेट १३८ च्या घरात. १८ मीटर गेले! हातात घड्याळ, मोबाईल, लोखंडी पट्ट्याचा बेल्ट घेऊन होकायंत्र वाचणारी पोरं मी बघितलीत. तेव्हा दुर्बिणीवर वाचलेल्या पैशातनं एक चांगलं, नेम धरून वाचता येणारं होकायंत्र घ्या.

दुसरं, एकत्र दुर्बीणच पाहिजे असं काही नाही. साधी चांगली ८×४२ आन वेगळा छोटा एकडोळ्या रेंजफाइंडर घेतला तर एक बिघडलं तरी दुसरं चालतं, आन एकाच वेळी दोघं काम करू शकतात. फक्त गोल्फचा घेऊ नका, तो झेंड्याची काठी पकडायला जवळची वस्तू आधी धरतो, कुसळात तुमचे हाल होतील.

माळावरचा_मास्तर (बीड)
ताई, ते साइनचं मी काल रात्री आमच्या जुन्या वहीवर करून बघितलं आन झोपच उडाली, आमचे सगळे कोन पाचाच्या पटीत लिहिलेत, २५, ३०, ३५. म्हणजे अंतराचं तर सोडाच, घोळ तिथं पण होता. दोन वेगळ्या वस्तूंचं पटलं पण चालताना दोन गोष्टी गळ्यात सांभाळायच्या म्हणजे पोरं एक घरी ठेवणार हे मला माहिताय, म्हणून मधल्या किमतीची एकत्रच घेतोय, लाल आकड्याची. उरलेल्यात दोन होकायंत्रं. दादा, सेल कोणता लागतो?

नाथसागर_काठ (पैठण)
सीआर२. तालुक्याला मिळत नाही, संभाजीनगरला कॅमेऱ्याच्या दुकानातून चार एकदम आणून ठेवा. आन मोजणी दहाच्या आत उरका, त्यानंतर माळ तापून हवा लहरायला लागली की काळवीट पाण्यात उभं असल्यावानी दिसतं, तिथं लाखाची काच पण काही करत नाही.