उत्तर: प्रोप्रायटरशिपची भागीदारी करताना जीएसटी

प्रश्न असा: काजूचा एकमालकी धंदा (प्रोप्रायटरशिप) भागीदारीत बदलताना जीएसटी नोंदणीचं काय करायचं? कुणी ‘जीएसटीत फक्त दुरुस्ती टाका’ म्हणतं, ते चालणार नाही. प्रोप्रायटरचा पॅन वैयक्तिक, भागीदारी फर्मचा वेगळा. म्हणजे जीएसटी नोंदणी नवीनच. पण जुनी घाईने रद्द करू नका, नेमकं तिथेच क्रेडिट (खरेदीवर भरलेला, पुढच्या करातून वजा होणारा कर) अडकतं. काजू बी शेतकऱ्याकडून घेताना आरसीएमने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायची पद्धत) भरलेला 5 टक्के आणि पॅकिंगवरचा कर, अशी शिल्लक हंगामानंतर बरीच असते. आधी सगळी रिटर्न पूर्ण करा, मग जुन्या लॉगिनमधून आयटीसी-02 (क्रेडिट नव्या नोंदणीकडे नेण्याचा फॉर्म) भरा. सोबत सीएचं प्रमाणपत्र, हस्तांतरणात देणीही धरलीत असं. नव्या लॉगिनमधून ते स्वीकारावं लागतं, हे हमखास राहून जातं. कॅश लेजरमधली (जीएसटी पोर्टलवर रोख भरून ठेवलेली) रक्कम यातून जात नाही, तिचा वेगळा रिफंड मागा. आणि हो, पाऊच आताच हजारांनी छापू नका. त्यावरचा एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबरही बदलेल.