अपुऱ्या माहितीचे एजंट: आधी बीजगणित की थेट सिम्युलेशन?

बूलभक्त: अनेक एजंट, म्हणजे स्वतः निर्णय घेणारे प्रोग्राम किंवा रोबोट, आणि प्रत्येकाला परिस्थितीचा एक तुकडाच दिसतो. अशी प्रणाली बांधायची म्हटलं की लोक थेट सिम्युलेशनला हात घालतात. मी म्हणतो, आधी बीजगणित मांडा. घटनांचं बूलीय बीजगणित, म्हणजे 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं गणित घ्या आणि प्रत्येक एजंटासाठी एक क्रिया ठेवा: घटना द्या, 'हे अ ला माहीत आहे' ही नवी घटना घ्या. नियम मोजके. माहीत असलेलं खरंच असतं; माहीत आहे हेही माहीत असतं; दोन गोष्टी वेगवेगळ्या माहीत असल्या तर मिळूनही माहीत असतात.

आता दोन रोबोटांना नेमकं एकाच क्षणी हलायचंय, पण संदेश हरवू शकतो. पोच मिळाली की ज्ञानाची एक पायरी वाढते, पोचेची पोच मिळाली की आणखी एक. पण 'दोघांना माहीत आहे हे दोघांना माहीत आहे...' ही साखळी संपत नाही, आणि लागतं ते अख्ख्या साखळीचं सामायिक ज्ञान. ते अशा वाहिनीवर होतच नाही, हे संगणकशास्त्रज्ञ हाल्पर्न आणि मोझेस यांनी १९९० च्या निबंधात सविस्तर मांडलंय. सिम्युलेशन कितीही चालवा, 'अजून जमलं नाही' एवढंच कळेल.

शंकासुर: पण हा एजंट आहे तरी कोण? तुमच्या बीजगणितात समतुल्य विधानं म्हणजे एकच घटक. म्हणजे एक माहीत असलं की दुसरं आपोआप माहीत, मधली सिद्धता हजार पानांची असली तरी! तत्त्वज्ञ हिंटिक्कांच्या ज्ञानाच्या तर्कशास्त्राच्या १९६२ च्या मांडणीपासून हे दुखणं आहे. खरा प्रोग्राम असा सर्वज्ञ नसतो.

बूलभक्त: नसतोच. पण सर्वज्ञालाही जे जमत नाही, ते तुमच्या प्रोग्रामला कुठून जमणार? अशक्यता दाखवताना हा दोष माझ्याच बाजूने पडतो.

गणकचूर्ण: अशक्यतेचं ठीक. शक्य असेल तिथे चांगलं धोरण शोधून द्या ना! मर्यादित पायऱ्यांत, अर्धवट दिसणाऱ्या जगात एका एजंटाचा प्रश्न पीस्पेस-पूर्ण, म्हणजे मोजक्या स्मृतीत सुटणाऱ्या प्रश्नांतला सर्वांत अवघड. दोन एजंट झाले की नेक्सपी-पूर्ण, म्हणजे प्रश्न मोठा झाला की अचूक उत्तराला लागणारा वेळ आवाक्याबाहेर जातो. हे संशोधक बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलंय. तिथे अंदाजी पद्धतीच कामाला येतात.

शंकासुर: आणि सेन्सर खोटं सांगतो तेव्हा? 'माहीत असलेलं खरंच असतं' हा नियमच गेला.

बूलभक्त: गेला. त्याच्या जागी 'परस्परविरोधी गोष्टी एकदम मानत नाही' एवढाच दुबळा नियम ठेवायचा आणि ज्ञानाऐवजी समजूत म्हणायचं. काय सोडलं ते निदान कागदावर दिसतं. तुमच्या कोडमध्ये ते गृहीतक कुठल्या ओळीत दडलंय, सांगता येईल?

गणकचूर्ण: नाही येणार. पण रोबोट माझ्या कोडनेच हलतो.