मदत हवी: दुकानात परत पाणी शिरलं तर धंदा थांबू नये, काय तयारी करू?

तेरणाकाठ: कृषी सेवा केंद्र आहे, धाराशिव जिल्ह्यात. 2025 च्या सप्टेंबरात दुकानात पाणी शिरलं. पुढं हरभऱ्याच्या बियाण्याला माणसं दारात उभी आणि आमचं बिलिंग बंद. कुणाकडं किती उधारी तेबी सांगता येईना. मृगाच्या आत पक्की व्यवस्था पाहिजे. नेमकं सांगा.

हिशेबनीस: हिशेब कशात? टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) की वही? बॅकअप, म्हणजे हिशेबाची जादा प्रत, कुठं असतो? विमा आहे का?

नभवाणी: सरळ क्लाउडवर जा, म्हणजे हिशेब इंटरनेटवर ठेवा. दुकान पाण्यात गेलं तरी मोबाइलवरून बिल निघतं.

मोंढ्यातला: आमच्याकडं मोठा पाऊस झाला की लाईट जाते, मागोमाग रेंज जाते. तेव्हा क्लाउड कुठून उघडायचा? मी दर शनिवारी उधारीच्या पानांचे फोटो काढून पुण्याला पोराला पाठवतो. तेवढं पुरतं.

नभवाणी: फोटोवरून जीएसटी भरता का भाऊ?

बॅटरीवाले काका: ट्युब्युलर बॅटरी घ्या, साध्या बॅटरीपेक्षा जास्त टिकते. पाणी महिन्याला बघत जा.

औसेकर: पुराचंच काय धरून बसलाय? 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, घरं-दुकानं वह्यांसकट ढिगाऱ्यात गेली. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गावावर काय येईल सांगता येत नाही.

तेरणाकाठ: काका, इन्व्हर्टर आहे ओ. मी हिशेबाचं विचारायलोय. टॅली प्राइम, एकच कॉम्प्युटर. बॅकअप रोज पेनड्राइव्हवर, तो गल्ल्यात. विमा बँकेनं काढलेला.

हिशेबनीस: गल्ल्यातला बॅकअप दुकानाबरोबरच भिजणार. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर रिस्टोर करून, म्हणजे बॅकअपवरून हिशेब परत उघडून बघा. नव्या रिलीजचा (आवृत्तीचा) डेटा जुन्या टॅलीत उघडत नाही, हे ऐन गर्दीत कळून उपयोग नाही. इशारा आला की आधी पॉस मशीन (खतविक्रीची नोंद करायचं यंत्र) उचला. तिच्याशिवाय अनुदानाचं खत विकता येत नाही.

दावा: पॉलिसी वाचा. भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा असेल (एका जागी 5 कोटींपर्यंत) तर पूर त्यात येतो, पण बुडालेला नफा येत नाही, त्याचा विमा वेगळा. विम्याची रक्कम हंगामात गोडाऊन भरलेलं असतं त्या हिशेबानं लावा. भिजून वाया गेलेल्या मालावरचं आयटीसी (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) प्रमाणं उलटवावं लागतं, तेही धरा.

मोंढ्यातला: बँकेनं काढलेल्या विम्यात बऱ्याचदा कर्जाएवढीच रक्कम असते. माल जास्त असेल तर दावा कापतात.

तेरणाकाठ: पॉलिसी उद्याच बघतो. घर दुकानाच्या वरच आहे, म्हणून दुसरा पेनड्राइव्ह तुळजापूरला बहिणीकडं ठेवतो. पॉस मशीन भिजलीच तर बदलून कोण देतं?

हिशेबनीस: ज्या खत कंपनीमार्फत मिळाली तिच्या प्रतिनिधीला धरा, कृषी अधिकाऱ्यांनाही लेखी द्या. प्रतिनिधीचा नंबर मोबाइलशिवाय कागदावरही लिहून ठेवा. बहिणीकडं पेनड्राइव्ह किती दिवसांनी बदलणार?